०.६१ गुणांचा तोट्यातला सौदा : सांगलीची हळद आणि एजंटांची स्पर्धा

भाव पेठेतल्या सौद्यात, म्हणजे लिलावात, निघालेल्या दरापेक्षा क्विंटलमागे ३०० रुपये जास्त. पैसे ४५ दिवसांनी. माल लगेच उचलायचा. खराब निघालेली पोती बदलून द्यायची. विक्रेत्याच्या बाजूने बोलणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमने, म्हणजे एजंटने, या चार अटींवर होकार दिला, त्याच्या खात्यात ०.६१ गुण जमा झाले आणि असेच सौदे करत तो त्या फेरीत पहिला आला. ज्यांच्या धंद्यावरून हा खेळ रचला होता त्या व्यापाऱ्यांनी निकालाचा कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "हा सौदा कुणी केला? त्याला गल्ल्यावर बसवू नका."

सांगलीतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचा हा प्रकल्प: हळदीची घासाघीस करणारे प्रोग्रॅम लिहायचे आणि त्यांची स्पर्धा लावायची. मी तिथे बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. व्यापारी म्हणजे गटातल्या एका मुलीचे मामा. मार्केट यार्डात त्यांचं दुकान आहे. सौद्यात हळद घ्यायची, हळकुंड, गड्डा, कणी वेगळी करायची, पॉलिश करायची आणि मसाल्याच्या कारखान्यांना पाठवायची, हा त्यांचा व्यवसाय. गटातली सगळीच मुलं त्यांना मामा म्हणायची, मीही इथे तेच म्हणतो. पुढच्या हिशोबासाठी हळदीचा दर क्विंटलला १५,००० रुपये धरला आहे. तो कुठल्या एका दिवसाचा बाजारभाव समजू नये, आकडे सोपे जावेत म्हणून धरलेली ती रक्कम आहे.

दोन प्रोग्रॅमनी आपसांत घासाघीस करायची आणि कुणाचा सरस ते गुणांवर ठरवायचं, हा प्रकार जुना आहे. अशी सगळ्यात नावाजलेली स्पर्धा २०१० साली टोरोंटोत, स्वायत्त एजंटांवर काम करणाऱ्या संशोधकांच्या परिषदेसोबत सुरू झाली. तिला 'अॅनॅक' म्हणतात. नेदरलँड्समधलं डेल्फ्ट आणि जपानमधलं नागोया इथल्या संशोधकांचा तिच्यात मोठा हात. पहिल्या वर्षी नागोयाचा 'एजंट के' जिंकला, दुसऱ्या वर्षी डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेला 'हार्डहेडेड', तिसऱ्या वर्षी हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीचा 'सीयूएचके एजंट'. बोलणी कशी करायची याचा नियम साधा: एकाने प्रस्ताव ठेवायचा, दुसऱ्याने तो घ्यायचा, स्वतःचा उलट प्रस्ताव द्यायचा किंवा उठून जायचं. या आळीपाळीच्या बोलण्याचं गणित अर्थशास्त्रज्ञ एरिअल रुबिनस्टाइन यांनी १९८२ मध्ये मांडलं होतं. पहिल्या अॅनॅकमध्ये एका बैठकीला तीन मिनिटं मिळत, आणि संगणकाला तीन मिनिटं म्हणजे शेकडो, हजारो प्रस्ताव.

यातली महत्त्वाची अट अशी की आपला गुणतक्ता, म्हणजे कुठल्या अटीला किती गुण याचा तक्ता, फक्त आपल्याला माहीत असतो. समोरच्याला काय किती मोलाचं वाटतं ते त्याच्या प्रस्तावांवरूनच ताडायचं. खरसुंडीच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून किंमत ठरते तेव्हा भोवतीच्यांना काही कळत नाही, पण ते दोघे तरी एकमेकांची बोटं ओळखतात. इथे समोर बसलेल्यालाही आतलं काही दिसत नाही.

२०१० च्या स्पर्धेत तीन विषय होते. एक सहलीचा, त्यात होऊ शकणारे सौदे १,८८,१६०. सगळ्यात छोटा 'आयटेक्स-सायप्रेस' नावाचा: सायकलीचे सुटे भाग घेणारा आणि विकणारा, आणि त्यांच्यात चार मुद्दे. किंमत, माल कधी मिळणार, पैसे कसे, सदोष माल परत घेण्याची अट. पर्याय अनुक्रमे पाच, चार, तीन, तीन, म्हणजे एकूण १८० सौदे. मुलांनी हाच सांगाडा उचलला आणि त्यात सायकलीच्या जागी हळद भरली. ही निवड मला फार आवडली. कारण हळदीच्या पेठेतसुद्धा बोलणं याच चार गोष्टींवर होतं, फक्त भाव सोडून बाकीच्या तीन गोष्टी मोठ्याने बोलल्या जात नाहीत.

त्यांचे पर्याय असे. भाव: सौद्याचा दर, किंवा त्यावर १००, २००, ३००, ४०० रुपये. पैसे: रोख, १५, ३० किंवा ४५ दिवस. उचल: लगेच, आठवड्यात, पंधरवड्यात. खराब मालाचं काय: जबाबदारी नाही, पोती बदलून, किंवा बिलातून कटती.

उचलीला इथे वजन का, ते सांगलीकराला सांगावं लागत नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपुरात जमिनीतल्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं गेली. आता माल गोदामात किंवा शीतगृहात राहतो आणि भाडं चालू राहतं.

पैशांच्या मुदतीतले १५ आणि ४५ हे आकडे मुलांनी कायद्यातून घेतले होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पुरवठादाराचे पैसे द्यावेत, असं आहे. मामा हसले. तो आधार माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला मिळतो. निव्वळ व्यापार करणाऱ्याची 'उद्यम' नोंदणी होते, पण ती बँकेच्या प्राधान्यकर्जापुरती. त्यांच्या ४५ दिवसांना कायद्याचं कुंपण नाही.

आता गुणतक्ता. मुलांनी मामांना विचारलं, या चारांत तुम्हाला काय किती महत्त्वाचं? मामा एका हाताने फोन धरून म्हणाले, "भावच की. भावासाठीच तर बसलोय इथं." त्यावरून वजनं ठरली: भाव ०.५५, पैसे ०.२०, उचल ०.१५, खराब माल ०.१०. प्रत्येक मुद्द्यात सगळ्यात चांगल्या पर्यायाला १, सगळ्यात वाईटाला ०. भावात मधले पर्याय समान अंतरावर. मुदतीत १५ दिवसांना ०.७ आणि ३० दिवसांना ०.३, आठवड्याच्या उचलीला ०.६, पोती बदलून देण्याला ०.५. सौदा फिसकटला तर विक्रेत्याला ०.४० गुण, कारण माल घरात राहतो आणि दुसरं गिऱ्हाईक मिळू शकतं.

कारखान्याच्या बाजूचा तक्ता एका मसाला कारखान्यात खरेदी खात्यात काम केलेल्या ओळखीच्या माणसाला विचारून केला. तिथे पैशांच्या मुदतीला ०.४०, भावाला ०.३०, खराब मालाला ०.२०, उचलीला ०.१०. एक बारीक गोष्ट त्याने सांगितली: ३०० पर्यंत वाढ खरेदी व्यवस्थापक स्वतःच्या सहीने देऊ शकतो, ४०० ला वरून परवानगी लागते. म्हणून त्यांच्या तक्त्यात ३०० ला अजून ०.५ गुण उरतात आणि ४०० ला एकदम शून्य. असली माहिती पुस्तकातून मिळत नाही.

वरच्या सौद्याचे गुण आता कुणालाही काढता येतील. विक्रेता: भावाचे ०.४१२५, मुदतीचे शून्य, उचलीचे ०.१५, पोत्यांचे ०.०५, बेरीज ०.६१२५. कारखाना ०.६९. या दोन तक्त्यांवर १८० सौदे तपासले तर एकाचं नुकसान न करता दुसऱ्याला याहून जास्त देईल असा एकही सौदा सापडत नाही. म्हणजे तक्त्याच्या दृष्टीने एजंटने काहीही वाया घालवलं नव्हतं.

हा एजंट कोण होता? मुलांनी वेगवेगळ्या धाटणीचे प्रोग्रॅम लिहिले होते. 'ताठर' हा शेवटपर्यंत अडून बसणारा. १ पासून सुरुवात करून ०.४० पर्यंत उतरायचं, पण उतरणं सगळं शेवटी: निम्मा वेळ गेला तरी तो ०.९८ च मागतो, नव्वद टक्के वेळ गेल्यावर ०.६५ वर येतो. या धाटणीला या क्षेत्रात 'बोलवेअर' म्हणतात, जनरल इलेक्ट्रिकमध्ये कामगारांशी 'हाच पहिला आणि हाच शेवटचा प्रस्ताव' अशा पद्धतीने बोलणी करणाऱ्या लेम्युएल बोलवेअर यांच्यावरून. 'उदार' त्याच्या उलट, अर्ध्या वेळातच ०.५८ वर उतरलेला. 'जशास तसे' समोरचा जेवढं सोडेल तेवढंच सोडणारा. आणि 'पारखी', ज्याने तो ०.६१ चा सौदा केला.

पारखीची युक्ती डेल्फ्टच्या हार्डहेडेडने वापरलेल्या युक्तीच्या जातीची: समोरचा कुठला मुद्दा प्रस्तावामागून प्रस्तावात बदलत नाही ते मोजत राहायचं. जो मुद्दा तो हलवत नाही तो त्याला प्यारा. कारखान्याचा एजंट भाव खालीवर करत होता, उचल बदलत होता, पण ४५ दिवस सोडत नव्हता. पारखीने ते हेरलं. स्वतःच्या तक्त्यात मुदतीला फक्त ०.२० वजन. तेव्हा त्याने मुदत देऊन टाकली आणि बदल्यात भाव, उचल वसूल केली. घासाघिशीच्या शास्त्रात यालाच शहाणपण म्हणतात: मला स्वस्त आणि तुला महाग ते तुला, तुला स्वस्त आणि मला महाग ते मला.

मामांनी कागद खाली ठेवला आणि भाचीला म्हणाले, "अगं, पंचेचाळीस दिवस पैसे अडकल्यावर तीनशे घेऊन करू काय?"

"पण मामा, तुम्हीच म्हणालात भाव महत्त्वाचा."

"भाव महत्त्वाचाच की. चौदा हजारांचा माल पंधराला गेला तर महत्त्वाचा. तू चारशेत खेळतीयेस."

सगळं प्रकरण या उत्तरात आहे. वजन हे मुद्द्याला नसतं, त्या मुद्द्यातल्या फरकाला असतं. मामांनी 'भाव' म्हटलं तेव्हा त्यांच्या डोक्यात हजारांची चढउतार होती. तक्त्यात भाव फक्त ४०० रुपयांत हलत होता, पंधरा हजारांवर तीन टक्क्यांहूनही कमी. त्याच तक्त्यात पैशांची मुदत मात्र रोखीपासून दीड महिन्यापर्यंत, म्हणजे पेठेतल्या जवळजवळ सगळ्या टप्प्यावर, पसरलेली. प्रश्न विचारताना कुणी म्हटलंच नव्हतं की भाव शून्यावरून चारशेवर नेणं आणि पैसे ४५ दिवसांवरून रोखीवर आणणं, यातलं एकच मिळणार असेल तर काय घ्याल.

मग मुलांनी तसं विचारायला सुरुवात केली. ३०० जास्त आणि ४५ दिवस, की १०० जास्त आणि १५ दिवस? मामा लगेच म्हणाले, दुसरं. मुलांचा हिशोब उलटा येत होता. त्यांनी बँकेच्या कर्जाचा दर म्हणून महिन्याला एक टक्का धरला होता. त्या दराने १५,३०० वर ४५ दिवसांचं व्याज सुमारे २३० जातं, हातात १५,०७० उरतात. १५,१०० वर १५ दिवसांचे ७५ गेले की १५,०२५ उरतात. पहिला सौदा सरस, आणि दोन्ही सौदे रोख पंधरा हजारांपेक्षा बरे.

मामांचा दर वेगळा होता. बँकेची कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची, मर्यादा हंगामात, फेब्रुवारी ते मे, भरलेली असते. आवक जोरात, सौद्यात घेतलेल्या मालाचे पैसे द्यायचेच, तेव्हा वरचा रुपया पेठेतून महिना दीड टक्क्याने उचलावा लागतो. दीड टक्क्याने मोजा: ४५ दिवसांचे ३४४ जाऊन १४,९५६, पंधरा दिवसांचे ११३ जाऊन १४,९८७, रोख १५,०००. क्रम पूर्ण उलटला. सगळ्यात खाली होता तो रोखीचा सौदा सगळ्यात वर आला, आणि पारखीने मिळवलेले जादा ३०० रुपये व्याजात जाऊन वर ४४ रुपये खिशातून गेले. महिन्याला अर्ध्या टक्क्याचा फरक, पण तो नेमका त्या रुपयाचा, जो हंगामात कमी पडतो. बँकेचं व्याजपत्रक बघून हा दर कळत नाही, मर्यादा कुठे संपते हे ज्याला माहीत आहे त्यालाच कळतो.

पुढचा प्रश्न अधिक बोलका ठरला. ४०० जास्त आणि ४५ दिवस, की सौद्याच्या दराने रोख? दीड टक्क्यानेसुद्धा पहिल्यात १५,०५३ हातात येतात, म्हणजे ५३ रुपये जास्त. तरी मामा रोखीकडे गेले. जाण्याआधी त्यांनी विचारलं, "पार्टी कोण?" मुलं म्हणाली, पार्टी कुठलीही धरा. "मग रोख. पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस कुठं असतंय?" १५,४०० रुपयांवर दीड टक्क्याने दिवसाला ७ रुपये ७० पैसे व्याज पडतं. पैसे सात दिवस उशिरा आले की तो फायदा संपला. वायदा एका आठवड्याने तरी हुकणार, असा त्यांचा अनुभव बोलत होता, आणि ते विशेष काही बोलल्यासारखं त्यांना वाटतही नव्हतं.

यात मला खटकलं ते एक. असे जोडीचे प्रश्न विचारायची पद्धत या स्पर्धांच्या जगात चांगली माहीत आहे. २०१९ च्या अॅनॅकमध्ये तर एजंटला स्वतःच्याच मालकाचा पूर्ण तक्ता देत नव्हते. काही सौद्यांचा चढता-उतरता क्रम द्यायचे आणि बाकी अंदाज त्याने बांधायचा. पुढच्या वर्षी मालकाला आणखी प्रश्न विचारायची मुभा आली, पण प्रत्येक प्रश्नाला गुण कापले जात, कारण माणसाला पिडणं फुकट नसतं. मामांच्या दुकानात हा दंड स्पष्ट दिसत होता: गिऱ्हाईक आलं की उत्तर अर्ध्यावर राहायचं. मुलांनी मात्र सुरुवातीच्या वर्षांचा सोपा साचा उचलला, ज्यात तक्ता आयता मिळतो असं धरलेलं असतं. वर्गात ते चालतं. दुकानात तक्ता आयता कुणाकडेच नसतो, मालकाकडेही नाही.

जोडीच्या प्रश्नांवरून नवी वजनं आली: पैसे ०.५०, भाव ०.३०, उचल ०.१२, खराब माल ०.०८. मग मुलांनी आधीचे सौदे पुन्हा न खेळवता फक्त नव्या तक्त्यावर मोजले. तो पहिला सौदा ०.६१ वरून ०.३८५ वर आला. सौदा फिसकटल्याचे गुण ०.४०. म्हणजे पारखीने बोलणी मोडून घरी येण्यापेक्षाही वाईट सौदा अभिमानाने करून आणला होता. आणि ताठर, जो दोन-दोन वेळा बोलणी मोडून रिकाम्या हाताने आला होता, त्याच्या त्या रिकाम्या हाताला ०.४० मिळत होते. पुनर्मोजणीत ताठर पारखीच्या वर गेला.

वर्गात यावर हशा झाला, पण मला हा निष्कर्ष पटत नाही की अडून बसणं बरं. ताठरला समोरच्याचं काही कळत नव्हतं, म्हणून त्याने मुदतही दिली नाही आणि दुसरंही काही दिलं नाही. पारखी जितका हुशार तितका तो तक्त्याशी प्रामाणिक, आणि तक्ता चुकीचा असेल तर ती चूक तितक्याच हुशारीने तडीस जाते. मठ्ठ एजंटच्या हातात तोच तक्ता कमी धोक्याचा होता, इतकंच त्या क्रमवारीतून सिद्ध होतं.

क्रमवारीबद्दल आणखी एक, थोडक्यात. फडात कोण उतरलंय यावरही ती फिरते. पहिल्या फेरीत 'उदार'सारखे सोडून देणारे एजंट होते तोवर ताठरला त्यांच्याकडून भरपूर मिळत होतं. मुलांनी एकमेकांचे प्रोग्रॅम पाहून आपापले कडक केले तसे ताठर समोर ताठर येऊन सौदे मोडू लागले. रॉबर्ट अॅक्सेलरॉड यांच्या १९८० च्या, 'कैद्यांचा पेच' या दोघांनी सहकार्य करायचं की दगा द्यायचा अशा खेळावरच्या स्पर्धेत अनातोल रॅपोपोर्ट यांचा अगदी छोटा 'जशास तसे' जिंकला होता, आणि तोसुद्धा सगळ्यात जास्त सहकार्य जमवून. समोरासमोरच्या एकाही लढतीत तो प्रतिस्पर्ध्याच्या पुढे जात नाही. हळदीच्या खेळात आमच्या 'जशास तसे'चं काही जमलं नाही, कारण चार मुद्द्यांत समोरच्याने 'किती सोडलं' हे मोजायलाच समोरचा तक्ता लागतो.

नव्या तक्त्यावर स्पर्धा पुन्हा खेळवली तेव्हा पारखी परत पहिला आला. त्याचा एक सौदा मामांना दाखवला: भाव तोच, ३०० जास्त, पैसे १५ दिवसांत, उचल आठवड्यात, खराब मालाची बिलातून कटती. विक्रेत्याला ०.६५, कारखान्याला ०.५७. कारखान्याने मुदत सोडली, त्याबदल्यात सवडीने उचल आणि कटती घेतली. दीड टक्क्याने हिशोब केला तर कटतीच्या आधी हातात १५,१८५ येतात, पहिल्या सौद्यापेक्षा सुमारे २३० रुपये जास्त. मामा कटतीवर अडतील असं मुलांना वाटलं होतं. ते म्हणाले, "कटतीला मी भीत नाही. माल निवडून देतोय मी. ज्याची पोती ओली त्यानं भ्यावं." भाचीने ते ऐकून कटतीचे गुण शून्यावरून वर नेले पाहिजेत असं वहीत लिहून घेतलं. मामांनी हे आधी का सांगितलं नाही? कुणी विचारलं नव्हतं.

इथे एक गोष्ट मुलांच्या अहवालात कमी आली, ती सांगतो. चारही मुद्द्यांचे गुण वेगवेगळे काढून नुसते बेरजेने जोडायचे, ही या तक्त्याची पद्धत. मुदत आणि भाव मात्र एकमेकांत गुंतलेले आहेत: व्याज भावावर पडतं, आणि पार्टी कोण यावर मुदतीचा अर्थ बदलतो. एका कारखान्याचे ४५ दिवस ४५ च असतात, दुसऱ्याचे ७०. मामांच्या 'पार्टी कोण?' या प्रश्नाला तक्त्यात जागाच नाही. प्रत्येक पार्टीसाठी वेगळा तक्ता करता येईल, पण मग तो तक्ता दर हंगामात बदलेल, आणि पावसाळ्यात कॅश क्रेडिट मोकळी झाली की पुन्हा बदलेल. २०१९ पासून अॅनॅकमध्ये पुरवठा साखळीची वेगळी स्पर्धा आहे, पायथॉन या संगणकभाषेवर चालणारी. तिथे एजंट कारखाना चालवतो, एकाच वेळी कच्चा माल घेण्याची आणि पक्का विकण्याची बोलणी करतो, आणि गुण कल्पित तक्त्यावर न मिळता शेवटी नफ्यावर मिळतात. मामांच्या धंद्याला तो साचा जास्त जवळचा आहे. पुढच्या वर्षीच्या गटाने तिथून सुरुवात करावी, असं मी गुणपत्रिकेच्या शेऱ्यात लिहिलं.

हे सगळं कॉलेजातलं, खऱ्या बाजारात कोण असलं वापरतंय, असं कुणी म्हणेल. वॉलमार्टने २०२१ मध्ये पॅक्टम या कंपनीच्या चॅटबॉटकडून कॅनडातल्या छोट्या पुरवठादारांशी बोलणी करून घेतली. ज्यांना विचारलं त्यातल्या ६४ टक्क्यांशी करार झाले, आणि पैसे देण्याची मुदत वाढवून घेणं हा त्यातला एक मुद्दा होता. त्या बोलण्यांत यंत्र खरेदीदाराचं होतं, दुसऱ्या टोकाला माणूस होता. खरेदीदाराने स्वतःचा तक्ता नीट लिहून घेतला होता. समोरच्याने स्वतःची मुदत किती किमतीला विकायची हे बसून काढलं होतं का, यावर त्याचं नशीब. सांगलीच्या यार्डातल्या पार्ट्यांपैकी एखादी उद्या असलं यंत्र घेऊन बसली, तर मामांच्या बाजूचा माणूस 'भावच की' एवढंच म्हणून चालणार नाही.

मामांना एजंट नको होता, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांना आवडला तो मधला कागद: कुठल्या मुदतीला किती रुपये जादा मागितले तर रोखीची बरोबरी होते, दीड टक्क्याने. पंधरा दिवसांना साधारण ११३, तीस दिवसांना २२८, पंचेचाळीस दिवसांना ३४५. तो त्यांनी मागून घेतला आणि मुलाला पाठवला, मुलगा हल्ली फोनवर पार्ट्यांशी बोलतो. उशिराचे दिवस त्यात धरलेले नाहीत, ते तोंडी सांगू म्हणाले.

एकच आकडा त्यांनी शेवटपर्यंत दिला नाही. सौदा मोडायचा कधी, म्हणजे ते ०.४०. मुलांनी तीनचार तऱ्हेने विचारलं: किती खाली आलं की उठाल, गोदामात माल किती दिवस ठेवाल, दुसरं गिऱ्हाईक साधारण कितीला मिळतं. मामा चहा सांगायचे आणि विषय बदलायचे. भाचीने एकदा सरळच विचारलं, "मामा, हे कुणालाही दिसणार नाही, फक्त आमच्या लॅपटॉपवर राहील."

"अगं, माझ्या भावालापण माहीत नाही ते," मामा म्हणाले. "तुझ्या लॅपटॉपला कशाला सांगू?"

अहवालाच्या तक्त्यात त्या ओळीपुढे अजूनही 'गृहीत' असं लिहिलेलं आहे.